मावळ्यांच्या अंगरख्याला अस्तर हवं

हळदीच्या मुलखातल्या बाईला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. शेतातून काढलेली हळद कुणी तशीच पोत्यात भरून बाजारात नेत नाही. आधी ती शिजवायची, मग उन्हात पसरून खडखडीत वाळवायची, मग ढोलात फिरवून तिची साल घासून काढायची; तेव्हा कुठे तिचा पिवळाधमक रंग वर येतो. आमचं हट्टा परभणी आणि वसमतच्या मधलं गाव. उन्हाळा लागला की या पट्ट्यात जिकडेतिकडे हेच काम चाललेलं असतं, आणि ते आम्ही बायका डोळे मिटूनही करू. पण तीच बाई रेझिनचा कोरा मावळा हातात आला की त्याला पिशवीतून काढते, टेबलावर उभा करते, आणि ब्रश सरळ भगव्या रंगात बुडवते! हळदीला जो न्याय, तो मावळ्याला का नाही?

रेझिनचा मावळा म्हणजे काय, हे आधी सांगते. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात, हळीव पेरतात, आणि त्यावर मातीचे शिपाई मांडतात, ही आपली जुनी हौस. मातीचा मावळा स्वस्त, पण हातातून पडला की संपला. तलवार तर घरी येईपर्यंतच मोडते. रेझिनचं तसं नाही. दोन पातळ द्रव एकत्र ढवळतात, रबराच्या साच्यात ओततात, आणि ते थोड्या वेळात आपोआप घट्ट होतात. साचा इतका बारकाईने उतरतो, की फेट्याची घडी न् घडी दिसते, मिशीचा पीळ दिसतो, अंगरख्याचे बंद मोजून घ्यावेत. असे न रंगवलेले, पांढरे किंवा पिवळट मावळे, तोफा, बुरूज, घोडे हल्ली विकत मिळतात, आणि घरबसल्या रंगवून देण्याचं काम पुष्कळ बायकांना जमण्यासारखं आहे. हातात रांगोळीची रेघ असली की निम्मं काम आलंच!

मात्र रंग बसला पाहिजे. नव्हे, टिकला पाहिजे.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी दिवाळीआधी चाळीस मावळे रंगवायचं काम घेतलं. रात्री जेवणखाण, भांडीकुंडी आवरून त्या बसायच्या. काय सुरेख काम केलं होतं! जरीच्या काठाला सोनेरी ठिपके, कपाळावर गंध, पायातल्या जोड्याला लाल गोंडा. पैसे हातात आले तेव्हा त्या हरखून गेल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण स्वतःच्या कामाचे म्हणून हे पहिलेच पैसे. आणि वसुबारसेला पहिलं गिऱ्हाईक परत आलं. मुलाने मावळा मुठीत धरून किल्ल्यावर चढवला, तर फेट्याचा रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून त्याच्या बोटांना चिकटला होता. पाडव्यापर्यंत अकरा मावळे परत आले. वहिनींनी पैसे परत केले. घरात कुणी काही बोललं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. फक्त त्यांच्या सासूबाईंनी एक मावळा हातात घेतला, चष्म्याजवळ नेला, आणि विचारलं, “अगं, ह्याला आधी धुतलं होतंस का?”

म्हातारीला रेझिन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण नव्या तव्यावर पहिली भाकरी टाकायच्या आधी तो घासावा लागतो, हे ठाऊक होतं. आणि नेमकं तेच कारण होतं.

साच्यातून वस्तू सुटावी म्हणून आपण इडलीपात्राला तेलाचा हात लावतो ना, तसाच या साच्यालाही एक बुळबुळीत पदार्थ फवारतात. त्याचा थोडा अंश मावळ्याच्या अंगावर उतरतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतो. त्यावर तुम्ही कितीही महागाचा रंग लावा, तो मावळ्याला धरतच नाही. त्या ओशटपणावर नुसता तरंगत राहतो. वाळला की दिसायला छान. नखाने कडा उचलली की सगळा थर निघून आला! रंगाचा दोष नाही, हाताचा तर नाहीच नाही.

तेव्हा पहिली पायरी आंघोळ. एका घमेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब टाका. अंगाचा साबण नको. त्यात त्वचा मऊ राहावी म्हणून स्निग्ध पदार्थ घालतात, म्हणजे आपण काढायला निघालो तेच परत चोपडायचं! मावळे दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. फेट्याच्या घड्या, काखा, ढालीची मागची बाजू, घोड्याच्या पोटाखाली – जिथे आंघोळीच्या वेळी लहान मूल हात लावू देत नाही, नेमकं तिथेच घासायचं! पाणी मात्र कोमटच हवं. फार गरम पाण्यात रेझिन मऊ पडतं, आणि तलवारीची कोयती होते.

याच खोडीचा उपयोगही होतो, बरं का. पुष्कळदा भाला किंवा तलवार वाकडीच येते. हाताने सरळ करू गेलात तर मोडेल. तेवढाच भाग चांगल्या गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, हलक्या हाताने सरळ करा, आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. आहे तसा राहील.

धुताना मोरीच्या जाळीवर पिठाची चाळण ठेवा. मावळ्याचा सुटा हात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. एकदा मोरीतून गेला की गेला. धुवून झालं की स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा आणि जुन्या सुती कपड्यावर सावलीत रात्रभर वाळू द्या. यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही. आपण बायका, वेणीफणी झालेली असते, फोडणी नुकतीच दिलेली असते; बोटाला तेल नाही असा दिवसातला क्षणच शोधावा लागतो! पातळ हातमोजे घाला, नाहीतर मावळ्याला पायाखालच्या देठाला धरून उचला.

देठ म्हणजे काय? साच्यात रेझिन जिथून ओतलं, तिथला ठोकळा वस्तूला चिकटून येतो, वांग्याला देठ यावा तसा. शिवाय साच्याची दोन अर्धुकं जिथे मिळतात तिथे अंगभर एक बारीक रेघ येते, कधी पातळ पापुद्रा. देठ बारीक दात्यांच्या करवतीने कापायचा. कानशीने किंवा पॉलिश पेपरने रेघ घासून काढायची. खरं तर मोठं घासकाम धुण्याच्या आधी उरकावं, म्हणजे भुसाही त्याच आंघोळीत जातो. आणि इथे, मैत्रिणींनो, थोडं थांबून माझं ऐका, कारण बाकी सगळं चुकलं तर मावळा बिघडेल, हे चुकलं तर घरातलं माणूस.

रेझिनचा भुसा पिठाहून बारीक असतो. तो हवेत तरंगतो, नाकातून आत जातो आणि छातीत बसतो. पिठाच्या गिरणीत दिवसभर उभा राहणारा माणूस कसा खोकतो, ते आपण पाहिलेलं आहे. हा भुसा तर पोटात जाण्यासारखाही नाही. म्हणून कोरडं घासायचंच नाही. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो, तो पाण्यात भिजवून वापरायचा. शेजारी वाटीभर पाणी ठेवावं, पेपर आणि वस्तू दोन्ही त्यात बुडवत जावं. भुसा पाण्यातच राहतो. आधी ३२० नंबरचा, मग ४०० चा, शेवटी ६०० चा. नंबर वाढेल तसा पेपर बारीक. करवत चालवताना मात्र भुसा उडतोच, तेव्हा नाकावर पदर धरून भागत नाही. करोनाच्या साथीत आणलेले एन-९५ मुखपट्टे कुठल्यातरी कपाटात पडले असतील, ते इथे कामी येतील. काम ओट्यावर नको, पाळण्याच्या खोलीत तर मुळीच नको. झालं की झाडू मारू नका. झाडूने भुसा पुन्हा उडतो. ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं वेगळंच ठेवा. दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर हे काम अंगणात, नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगावं.

घासून, धुवून झालं की खड्डे दिसायला लागतात. ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांची ही टाचणीएवढी भोकं. भिंतीला रंगारी लांबी भरतो, तशी इथेही भरायची. मोठ्या खड्ड्याला एम-सील चालतं. दोन गोळे कणकेसारखे मळून दाबून भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा. बारीक भोकाला एक स्वयंपाकघरातली युक्ती आहे. भोकात फेविक्विकचा थेंब टाचणीने सोडायचा आणि वरून चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरायचा. क्षणात दगड होतो! मग वॉटर पेपरने समतल करा. पण उशीर करू नका, काही तासांनी तो भाग भोवतालच्या रेझिनहून कडक होतो आणि घासता घासता शेजारीच खळगा पडतो. सोडा पडताच थोडी वाफ येते, ती डोळ्यांना झोंबते. चेहरा लांब ठेवा. आणि सांडलेलं फेविक्विक पदराने किंवा कापसाने पुसू नका. सुताला लागलं की ते एकदम तापतं, चटका बसण्याइतकं.

सुटे हात-पाय जोडायलाही हेच, किंवा अराल्डाइट. प्लॅस्टिकच्या विमानांच्या संचाबरोबर वापरतात तो गोंद इथे कामाचा नाही; तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, रेझिनला तो विरघळवू शकत नाही. जड भाग असेल, जसं घोड्यावरचा स्वार, तर दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून मधे तांब्याच्या तारेचा तुकडा घाला. नुसत्या गोंदावर स्वार किल्ला चढत नाही.

आता अस्तर. ब्लाउजला अस्तर का लावतात, हे स्त्रियांच्या मासिकात सांगायची गरज नाही. वरचं कापड कितीही भारी असो, आतून धरून ठेवणारं काही नसेल तर ते चुरगळतं, शिवणीत उसवतं. रंगाऱ्याच्या भाषेतही या पहिल्या हाताला अस्तरच म्हणतात. दुकानात मागताना प्रायमर म्हणा. रेझिनचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, रंगाला पकडायला त्यात काही नाही. प्रायमर खालच्या बाजूने रेझिनला घट्ट धरतो आणि वरच्या बाजूने किंचित खरखरीत राहून रंगाला धरतो.

हे काही साहेबाने शोधलेलं नवं शास्त्र नाही. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत जाऊन पाहा. मूर्ती साच्यातून निघाली की आधी घासकाम, मग अंगभर पांढरा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. सावंतवाडीच्या गंजिफा म्हणजे ते गोल, दशावतारांची चित्रं असलेले खेळायचे पत्ते. त्यांची जुनी पद्धत अशी, की कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा थर द्यायचा, तो दगडाने घोटून गुळगुळीत करायचा आणि मगच कुंचला उचलायचा. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही मावळत चाललेली कला राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. चिंचोके असोत की डबाबंद प्रायमर, तत्त्व एकच.

प्रायमर मोटारगाड्यांच्या रंगाच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. आमच्याकडे त्यासाठी वसमत नाहीतर परभणी गाठावं लागतं. राखाडी, पांढरा, काळा असे तीन प्रकार. लाकडाचा किंवा भिंतीचा प्रायमर आणू नका. तो दाट असतो, आणि इतक्या कष्टाने जपलेली फेट्याची घडी बुजवून टाकतो.

थर किती पातळ हवा, याचा एक हिशेब सांगते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सुट्टीत पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा. अशा नमुन्यांत सगळं ठरलेल्या प्रमाणात लहान केलेलं असतं. समजा प्रमाण १:७२ आहे. साडेपाच फुटी माणूस त्यात साधारण २३ मिलिमीटरचा होतो, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्यावर रंगाचा थर फक्त एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तरी खऱ्या माणसाच्या मापात तो सात मिलिमीटरचा झाला! म्हणजे तोंडावर जाड भाकरी थापल्यासारखं. म्हणून एक जाड हात नको, दोन-तीन पातळ हात हवेत.

फवारायची रीत अशी. मावळ्याला जुन्या बाटलीच्या झाकणावर दुपदरी चिकटपट्टीने उभा करा. एक मोठं खोकं आडवं ठेवा, त्यात बाटलीसकट मावळा. डबा दोन मिनिटं चांगला हलवा. आतली गोळी खडखडली पाहिजे. वीतभर किंवा थोडं जास्त, म्हणजे पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, फवारा मावळ्याच्या बाहेर सुरू करायचा, त्याच्यावरून सरकवत न्यायचा आणि पलीकडे जाऊन बंद करायचा. एका जागी धरून ठेवलात तर ओघळ आलाच. पहिल्या हाताला रेझिन खालून दिसत राहील, दिसू द्या. पंधरा मिनिटांनी दुसरा हात, दिशा बदलून. मग एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

राखाडी हात बसला की एक गंमत होते. पांढऱ्या रेझिनवर न दिसलेली प्रत्येक रेघ, प्रत्येक भोक आता ओरडून पुढे येतं. हिरमुसू नका, प्रायमरचं निम्मं काम हेच. तेवढी जागा पुन्हा भरा, घासा, पुसा आणि तेवढ्यावरच हलका हात मारा. खात्री करायची असेल तर पायाच्या तळव्याला चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टी कोरी निघाली, तर काम जमलं. रंग घेऊन आली, तर आंघोळ कमी पडली. पुन्हा घमेलं काढा. वहिनींनी पुढे हाच नियम केला, शंभरात एक नव्हे, प्रत्येक मावळ्याच्या तळव्याला पट्टी.

कुठला रंग कुठल्या अस्तरावर? भगवा, पिवळा, लाल हे उथळ जातीचे रंग; खालचा रंग वर दाखवतात. भगव्या झेंड्याखाली, लाल फेट्याखाली पांढरंच अस्तर हवं, नाहीतर भगवा मातकट दिसतो. तोफा, ढाली, चिलखत यांना काळं. बाकी सगळ्याला राखाडी बरं.

आपल्या मराठवाड्यात हवेचा विचार सोडून चालत नाही. वैशाखातल्या दुपारी फवारलंत, तर रंगाचे थेंब वाटेतच वाळतात आणि मावळ्याच्या अंगावर रव्यासारखे बसतात. भर पावसात फवारलंत, तर हवेतला दमटपणा थरात अडकून पांढुरका धुरकटपणा येतो. सकाळी आठ-नऊची, ऊन चढायच्या आधीची वेळ उत्तम, आणि दिवाळीच्या कामाला पाऊस ओसरल्यावरचे आश्विनातले दिवस. गच्चीवर फवारण्याआधी शेजारच्या गच्चीत वाळवण नाही ना, ते बघा. राखाडी पापडांवरून भांडण व्हायचं!

आणि हा फवाऱ्याचा डबा म्हणजे आगीचं घर. आतला वायूही पेटतो, रंगातला द्रवही पेटतो. स्वयंपाकघरात, देवघरात समई तेवत असताना, उदबत्तीजवळ, विडी ओढणाऱ्या माणसाशेजारी तो उघडायचा नाही. घरात गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल, तर फवारणीच्या वेळी त्यांना दुसऱ्या टोकाला पाठवा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय रंगवलेली वस्तू आत आणू नका. ज्यांच्याकडे गच्ची-अंगण नाही, त्यांनी ब्रशने लावायचा पाण्यातला ॲक्रिलिक प्रायमर मागवावा. थोडा वेळखाऊ, पण वास नाही, भीती नाही.

अजून एका प्रकाराबद्दल सांगून टाकते, कारण मुलं हट्ट धरतात. संगणकावरून छापून काढलेले रेझिनचे मावळे आता मिळतात. हे रेझिन प्रकाशाने घट्ट होतं, आणि कधीकधी वस्तू चिकट, अर्धीकच्ची हातात येते. असं चिकट रेझिन उघड्या हाताला लागू देऊ नये. काहींच्या अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा ती खोड लागली की पुन्हा पुन्हा उठतं. घेताना बोट नव्हे, कागदाचा तुकडा लावून पाहा. चिकटला तर दुकानदाराला म्हणावं, नीट धुवून, पक्का करून द्या, मगच पैसे.

उरलेला फवाऱ्याचा डबा ठेवण्याआधी उलटा धरून दोन क्षण दाबा. नुसता वायू यायला लागला की तोंड स्वच्छ झालं, पुढच्या वेळी अडणार नाही. मग तो खाली, सावलीच्या कपाटात, मुलांच्या हाताच्या वर. पत्र्याखालच्या माळ्यावर नको. डब्यावर पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं व्हायला दुपारचे दोन वाजले की पुरे.